उस्मानभाई आणि माझी कंबर

उस्मानभाई, तुमच्या मयतीला मी जो शर्ट घालून आलो तो तुम्ही शिवलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या ते लक्षात आलंच असतं. कॉलर मानेपासून दोन बोटं सुटलेली, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या मनगटाच्या खाली. पांढरा होता, स्वच्छ होता, इस्त्रीही केलेली होती, पण माझा नव्हता. दुकानात टांगलेला होता आणि मी उचलला, एवढाच आमचा संबंध. कपाटात तुमच्या हातचे अकरा शर्ट आहेत. सुमनने, माझ्या बायकोने, त्यातला एक काढून दिला. तो घालून आरशासमोर उभा राहिलो तर आत मी कुठे आहे ते शोधावं लागलं. काढून परत घडी घालून ठेवला. तुमच्यासमोर तुमच्याच शर्टात बुजगावण्यासारखं उभं राहणं मला जमलं नसतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. मी लिहीन, कारण चांगलं पुष्कळ आहे. पण मी तुमच्यावर चिडलेलो आहे, आणि ते लपवून लिहिलं तर तुम्हीच म्हणाल की सखाराम, हे दुसऱ्याच कोणाच्या मापाने शिवलंस. तीन वर्षं आपलं बोलणं नव्हतं. पोलादपुरात डिझेल भरताना माझ्या ड्रायव्हरला कळलं आणि त्याने मला फोन करून सांगितलं की तुमचे ते टेलर सकाळी वारले. मी तेव्हा महाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर भंगाराचा सौदा करत होतो. समोरचा माणूस भाव सांगत होता. मी त्याला हो म्हणालो. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना शेठ? मी पहिल्या बोलीला हो म्हणालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

सौदा अर्धवट टाकून उठून जाणारा माणूस मला आवडत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. तरी तुम्ही तेच केलंत.

मी पहिल्यांदा तुमच्या दुकानात आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पोट नंतर सुटलं, तेव्हा माझी अडचण उलटी होती. डोंगरातल्या आमच्या वाडीवरून रोज उतरायचं, पोलादपुराहून मिळेल त्या ट्रकने एमआयडीसी गाठायची आणि ठेकेदाराच्या हाताखाली दिवसभर ड्रम चढवायचे. अंगावर मांस म्हणून नव्हतं. सुमनला बघायला जायचं ठरलं होतं आणि आईने कुठून तरी एक शर्टपीस मिळवला होता. तुम्ही नुकतेच आखातातून परत येऊन एसटी स्टँडजवळ दुकान टाकलं होतं. मी हात वर केले, तुम्ही टेप लावली, बरगड्यांवर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "शर्ट माणसाला शिवायचा हाय की हाडांना?"

मी तिथेच भडकलो. शिलाई घेता ना, मग टोमणे कशाला, असं काहीतरी बोललो. तुम्ही हसलात. मग मला स्टुलावर बसवून चहा मागवलात आणि विचारलंत की कुठे जायचंय हा शर्ट घालून. मी सांगितलं. त्यावर तुम्ही कापड उलगडून पाहिलंत. नंतर जे केलंत ते मला पुढे तीस वर्षं कळत गेलं. खांद्यावर दुहेरी पट्टी, छातीवर झाकणाचे दोन खिसे, पाठीला दोन चुण्या. बाही कोपराच्या जरा खाली, म्हणजे दंड किती बारीक आहे ते कळू नये. शर्ट देताना तीन सूचना केल्यात. आत जाड बनियन घाल. शर्ट खोचू नको. आणि बसलास की हात मांडीवर ठेव, टेबलावर नाय, मनगटं दिसतील.

लग्नानंतर सुमन सगळ्यांना सांगायची, मला वाटलं चांगला भरलेला माणूस आलाय, घरी आल्यावर कळलं की निम्मा माणूस शर्टच होता. तुमच्यासमोरही तिने हे सांगितलं होतं. तुम्ही तिला म्हणालात, बाय, निम्मा मी दिला, उरलेला तू भर. तिने भरला. तिच्या हाताला आणि माझ्या धंद्याला यश आलं आणि पुढच्या दहा वर्षांत मी भरतच गेलो.

आखातात तुम्ही अरबांचे लांब झगे शिवायचात. तिथली गोष्ट तुम्ही क्वचित काढायचात, आणि काढलीत की एकच तक्रार असायची. पगार चांगला, खोली थंड, पण झगा असा की कोणालाही बसतो. माणूस बघावाच लागत नाय, म्हणायचात. माणसाकडे न बघता आठ वर्षं कात्री चालवली आणि तुमच्या हाताला कंटाळा आला. म्हणून परत आलात. तुमच्या घरच्यांना हे कधीच पटलं नाही. मलाही तेव्हा पटलं नव्हतं. चालू नोकरी सोडून पोलादपुरात येणारा माणूस मला खुळा वाटला होता.

माझा धंदा भावाचा. ड्रम उचलता उचलता मी रिकामे ड्रम विकत घ्यायला लागलो, मग भंगार, मग दोन ट्रक. समोरच्याने आकडा बोलला की माझ्या तोंडून आपोआप त्याच्या खालचा आकडा येतो. भाजीवाली असो, कंपनीचा मॅनेजर असो, लग्नाचा हॉल असो. हे मी कोणाकडून शिकलो नाही. ज्याच्याकडे काही नसतं त्याला ते येतंच. आणि या सवयीपायी मी जगात बहुधा एकटाच माणूस असेन ज्याने स्वतःच्या कंबरेचा भाव केला.

ती पहिली वेळ मला लख्ख आठवते. तुमची थोरली मुलगी नसीम तेव्हा दुसऱ्या मशीनवर बसून काज करायला लागली होती. तुम्ही टेप फिरवलीत आणि तिला माप सांगितलंत, अडतीस.

"छत्तीस," मी म्हणालो.

"टेप अडतीस बोलते हाय."

"टेप जुनी झाली. ताणलीय ती."

"ताणलेली टेप माप कमी दाखवते रे, जास्त नाय."

"मग सदतीस. शेवटचं."

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. मग नसीमकडे वळून मोठ्याने म्हणालात, "लिही गो, सदतीस. शेठ ऐकत नाय." नसीमने मान खाली घातली, हसू आवरत. आठवड्याने पँट आली ती अशी बसली की मी सुमनला म्हणालो, बघ, माणसाने ठाम राहावं लागतं.

त्यानंतर वीस वर्षं आपला हा खेळ चालला. तुम्ही एक आकडा बोलायचा, मी दोन इंच कमी मागायचे, मध्ये कुठेतरी मिटायचं. दर खेपेला मी जिंकायचो आणि दर खेपेला पँट व्यवस्थित बसायची. माझ्या कधी डोक्यातच आलं नाही की हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं. दुसऱ्याच्या वजनकाट्यात अर्धा किलो इकडे तिकडे झाला तर मला लांबून कळतं. स्वतःच्या बाबतीत मला एक इंच कळला नाही.

आपलं खरं भांडण बेंबीवरून होतं. माझं म्हणणं पँट पोटाच्या खाली बांधायची, तिथे कंबर कमी भरते. तुमचं म्हणणं पँट बेंबीवर बांधायची, कारण कंबर तिथे असते. पोटाखाली पट्टा बांधला की पोट पट्ट्यावर ओसंडतं आणि माणूस फुटलेल्या पोत्यासारखा दिसतो, असं तुम्ही भर दुकानात म्हणाला होतात. मी म्हणालो होतो की बेंबीवर पँट बांधून मी शाळेतल्या पोरासारखा दिसेन. दोन दिवाळ्या हा वाद चालला. शेवटी तुम्ही पँटीचा मागचा भाग उंच आणि पुढचा जरा उतरता कापलात, पट्टीच्या आत दोन्ही बाजूंना लपवून इलॅस्टिक घातलंत, पुढे खोल चुण्या दिल्यात. जेवण झाल्यावर पट्टा सैल करावा लागला नाही तेव्हा मी गप्प बसलो. पण तुमचं बरोबर होतं असं म्हणालो नाही. ते मी कोणालाच म्हणत नाही.

तुमच्या दुकानातला आरसा छातीपर्यंतच दाखवायचा. मोठा आरसा लावा, म्हणजे गिऱ्हाइकाला नीट बघता येईल, असं मी कितीदा सांगितलं. तुमचं उत्तर ठरलेलं. पोट बघायला आरसा कशाला, मान खाली घाल. पण हा टोमणा फक्त मला. पोक आलेले एक निवृत्त गुरुजी यायचे, त्यांना तुम्ही असं कधी बोललेलं ऐकलं नाही. त्यांचा सदरा मागून लांब कापायचात, म्हणजे वाकलेल्या पाठीवर तो वर चढून पुढून लोंबायचा नाही, खालची कड सरळ दिसायची. गुरुजींना वाटायचं आपली पाठ सुधारतेय. ते गेल्यावर मी विचारलं की खरं का नाही सांगत. तुम्ही म्हणालात, शरीर बदलतं त्यात माणसाची काय चूक? ते थांबवणं आपल्या हातात नाय. कापडाने जुळवून घ्यायचं. घट्ट कपडा पोट दाखवतो आणि ढगळ कपडा पोट सांगतो, मधली वाट शिवावी लागते.

त्या मधल्या वाटेने तुम्ही मला कंपनीच्या मोठ्या ऑफिसात घेऊन गेलात. तोवर मी गेटवरचा माणूस होतो, वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभं राहून सौदे करणारा. पहिल्यांदा आत बोलावणं आलं तेव्हा मी टाय घ्यायला निघालो होतो. तुम्ही अडवलंत. टाय पोटावर आडवी पडते आणि सगळ्यांची नजर तिथेच नेते, म्हणालात. फिकट निळा शर्ट, बारीक उभ्या रेघांचा, खाली सरळ कापलेला, खोचायची गरज नसलेला. वर दम दिलात की खिशात धंदा भरायचा नाय. दोन फोन, डायरी, किल्ल्यांचा जुडगा, सगळं माझ्याकडून काढून घेऊन एका पिशवीत घालून दिलंत. मी हात हलवत आत गेलो आणि त्यांनी मला खुर्ची दिली. भाव मी केला, उस्मानभाई, पण खुर्ची तुमच्या शर्टाने मिळवली. मी तेव्हा तुम्हाला फक्त शर्ट बरा झालाय असं सांगितलं होतं. तुम्ही बरा शब्दावरच समाधानी असायचात, त्यामुळे मीही पुढे काही बोललो नाही.

आता त्या दिवसाकडे यावं लागेल.

स्नेहलचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं त्या वर्षी माझी कंबर आपोआप उतरायला लागली. पट्ट्याला आधी एक भोक पाडलं, मग दुसरं. मी सकाळी सावित्रीच्या पुलापर्यंत चालायला सुरुवात केली होती आणि भाकरी एकने कमी केली होती. मला वाटलं त्याचाच गुण. एमआयडीसीत लोक म्हणायला लागले की शेठ, लग्न मुलीचं की तुमचं. गालफडं बसली होती, पण मला त्यात माझा बाविशीतला चेहरा दिसायचा. सुमन म्हणायची जरा दाखवून या, आणि मी म्हणायचो, तीस वर्षांत पहिल्यांदा बारीक झालोय तर तुला बघवत नाही.

बंद गळ्याच्या कोटाचं कापड मी स्वतः निवडलं, गडद निळं. माझं आणि माणगावच्या व्याह्यांचं माप एकदमच द्यावं म्हणून त्यांना गाडीत घालून तुमच्याकडे आणलं. खरं सांगायचं तर मला तुम्हाला दाखवायचं होतं. तुम्ही टेप लावाल, आकडा बोलाल आणि या वेळी मला भाव करावाच लागणार नाही. त्या एका क्षणासाठी मी महाडपासून मनात हसत आलो होतो.

तुम्ही टेप लावलीत. पुन्हा लावलीत. मग दंड मोजलात, जो तुम्ही कधी मोजत नव्हता. मी म्हणालो, बोला की आकडा. तुम्ही टेप गळ्यात टाकलीत आणि विचारलंत की तहान फार लागते का. पाणी पिऊन पिऊन रात्री किती वेळा उठतोस. दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि शेजारी खुर्चीवर माझे व्याही बसले होते, ज्यांच्या घरात माझी मुलगी जायची होती.

मी म्हणालो, माप घ्या.

"आधी रक्त तपास, सखाराम. मग कोट."

"लग्न तीन आठवड्यांवर आलंय."

"म्हणूनच सांगतो. मी या कापडाला कात्री लावणार नाय. वीस वर्षं तुज्याशी खोटं बोललो. तू सदतीस म्हणालास, मी सदतीस लिहिलं आणि अडतीस कापलं. वाढणाऱ्या कंबरेला घाई नसते, चालून जातं. ही कंबर उतरत नाय, पळते हाय. यात मला खोटं बोलता येणार नाय. माझा भाऊ..."

भावाचं काय ते मी तुम्हाला बोलू दिलं नाही. मला एकाच वेळी दोन थपडा बसल्या होत्या. वीस वर्षं मी जिंकत नव्हतो, हे एक. आणि ज्या दिवशी मी खरंच जिंकलो असं मला वाटत होतं, त्या दिवशी तुम्ही मला व्याह्यांसमोर आजारी ठरवलंत. मी लठ्ठ होत होतो तेव्हा गोड बोललात आणि मी आनंदात होतो तेव्हा खरं बोललात. मी कापड ओढून घेतलं. तेव्हा जे वाक्य बोललो ते सुमनलाही कधी सांगितलेलं नाही. चिंध्या कापून पोट भरणाऱ्याने माझ्या रक्तात हात घालू नये, असं म्हणालो. नसीमचं मशीन थांबलं. तुमचा चेहरा तसाच राहिला. फक्त तुम्ही मला म्हणालात, "बरं, सखारामशेठ." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला तोंडावर शेठ म्हणालात. त्या शब्दाने मी जेवढा दुखावलो तेवढा व्याह्यांसमोरच्या अपमानानेही नाही.

गाडीत व्याही एवढंच म्हणाले की टेलर जरा आगाऊ दिसतोय. मी म्हणालो, म्हातारा झालाय.

कोट मी तयार घेतला, मोठ्या दुकानातून. घेतला तेव्हा बसत होता. लग्नापर्यंत तो माझ्या अंगावरून निसटला. सुमनने पाठीमागे चार सेफ्टी पिना लावल्या आणि सांगितलं की वाकू नका. मुलीचा बाप लग्नात वाकणार नाही तर काय करणार? व्याह्यांच्या आईच्या पाया पडताना एक पिन उघडली आणि कमरेत घुसली. फोटोत मी दात आवळून उभा आहे. लोकांना वाटतं मुलगी जाणार म्हणून.

तुम्ही लग्नाला आला नाहीत. हा राग मी तीन वर्षं जपला. पत्रिका तुम्हाला मी ड्रायव्हरबरोबर पाठवली होती, हे मात्र मी कोणाला सांगत नव्हतो. आपल्याकडे घरातल्या माणसाला पत्रिका स्वतः जाऊन द्यायची असते आणि ती तशी दिली नाही तर तो येत नसतो. एवढं मला कळतं. पाठवतानाही कळत होतं.

लग्नानंतर पाचव्या दिवशी स्नेहल आणि जावई मुंबईला निघाले. त्यांना सोडायला सुमन आणि मी वीर स्टेशनला गेलो. गाडी हलली, मी हात वर केला आणि फलाट माझ्या अंगावर आला. रिक्षावाल्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. साखर इतकी होती की डॉक्टरने आधी मशीनवर संशय घेतला. मग सुमनला विचारलं, इतके महिने कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? सुमन माझ्याकडे बघत राहिली. तिला व्याह्यांकडून दुकानातला प्रकार लग्नातच कळलेला होता, मी बोललेलं ते वाक्य सोडून. आलं होतं लक्षात, असं ती डॉक्टरला म्हणाली नाही. हे तिचं मोठेपण.

मी आठ दिवस पडून होतो. महाड-पोलादपुरातलं कोण आलं नाही सांगा. ज्यांच्याशी माझे खटके उडतात असे ठेकेदारसुद्धा शहाळी घेऊन आले. दार वाजलं की मला वाटायचं तुम्ही असाल. याल, उशाशी बसाल, सांगितलं होतं म्हणाल, मी भांडेन, आणि मिटेल. तुम्ही आला नाहीत. बरा झाल्यावर मी ठरवलं की आता यांनी पहिलं पाऊल टाकल्याशिवाय आपण टाकायचं नाही. भावात जो आधी बोलतो तो हरतो. तुम्ही बोलला नाहीत, मी बोललो नाही. असा हा सौदा तीन वर्षं अडला.

मयतीनंतर चार दिवसांनी मी तुमच्या दुकानात गेलो. शटर अर्धं वर होतं. नसीम लोकांचे राहिलेले कपडे पूर्ण करत बसली होती. लग्नसराई आहे, लोक थांबणार नाहीत, म्हणाली. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, उस्मानभाई, माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी स्टुलावर बसलो. तुमच्या भावाचं विचारलं. त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होतात?

ती मशीनवरून उठली नाही. म्हणाली, काकांची कंबर अशीच उतरली होती. त्यांनाही बरं वाटायचं, सगळ्यांना दाखवत फिरायचे. अब्बांनी एका मोसमात त्यांच्या पँटी दोनदा आत घेऊन दिल्या, हौसेने, हसत हसत. तिसऱ्यांदा कापड आलं ते शिवून व्हायच्या आधी काका गेले. तेव्हापासून अब्बा म्हणायचे की मी भावाला आजारात सजवला.

मी म्हणालो, मग मला बघायला तरी का आले नाहीत? एकदा यायचं. मी काय दारातून हाकललं असतं?

"अब्बा रोज बघायचे तुम्हाला, काका."

"कुठून?"

"इथूनच. तुमची गाडी समोरच्या टपरीवर चहाला थांबते ना." तिने दोरा दाताने तोडला. "तुम्ही उतरलात की शिवण थांबवायचे. रात्री जेवताना सांगायचे, आज सखाराम तेहतीस दिसला, गोळ्या चुकवतो वाटतं. मग एक दिवस म्हणाले, चौतीस, थांबली आता, वाचला. मागल्या महिन्यात म्हणाले, डावा खांदा उतरलाय, याला आतून पॅड लागेल, नायतर कोणताच शर्ट बसायचा नाय."

मी तिथून उठून गाडीकडे निघालो. नसीमला वाटलं असेल की मी पुन्हा रागावलो.

रागावलो नव्हतो. आता मी जे लिहितोय ते तुमच्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही, पण लिहितोच. माझ्या ऑफिसपासून वाडीपर्यंतच्या रस्त्यावर चहाच्या दहा टपऱ्या आहेत. महाडात आहेत, हायवेवर आहेत. पोलादपुरातल्या त्या टपरीचा चहा पाणचट असतो आणि डॉक्टरने मला साखर बंद केली आहे, म्हणजे तिथे थांबायचं मला काहीच कारण नव्हतं. तरी तीन वर्षं मी तिथेच थांबत आलो. पोलादपूर जवळ आलं की मी गाडीतच कॉलर सरळ करायचो. शर्ट ओढून घट्ट खोचायचो, मागचा फुगा पट्ट्यात दाबायचो, खिशातले फोन काढून सीटवर ठेवायचो. मग उतरून तुमच्या दुकानाकडे तोंड करून ताठ उभा राहायचो. तुम्हाला दिसावं, की बघा, तुमच्या टेपशिवायही मी नीट उभा आहे. तुम्ही दारात असायचात. मला दिसायचात. एकदा आपली नजर नजरेला भिडली होती. मी गाडीत बसून काच वर घेतली.

अंगावरचे कपडे मी त्या तीन वर्षांत दुसऱ्या कोणासाठी इतके नीट केले नाहीत. सुमनसाठी नाही, कंपन्यांच्या साहेबांसाठी नाही. काल पुन्हा तिथून गेलो. गाडी थांबवली नाही. शर्ट मागे फुगला होता, तो तसाच राहू दिला.

तेव्हा आता मिटवू या. त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात. मी कोणाला असं म्हणत नाही, तुम्हाला म्हणतो. तुम्ही कात्री लावली नाहीत म्हणून सुमनच्या मनात शंका राहिली आणि वीर स्टेशनवर मी पडलो तेव्हा तिने रिक्षावाल्यांना ओरडून सांगितलं की साखर असेल, साखर तपासायला सांगा. डॉक्टर म्हणाला, वेळ गेला नाही तो त्या एका वाक्यामुळे. ते वाक्य तुमचं होतं. चिंध्यांचं जे बोललो ते पूर्ण मागे घेतो, काहीही राखून न ठेवता. पत्रिका मी स्वतः आणून द्यायला हवी होती, तेही कबूल.

पण व्याह्यांसमोर बोलायला नको होतं. हे मी अजून म्हणतो. मला मागच्या बाजूला बोलावून, चहाचं निमित्त करून सांगता आलं असतं. तेवढं तुमचं चुकलं. माझ्या बाजूने जितकं खाली यायचं तितकं मी आलो, उस्मानभाई. आता थोडं तुम्ही या.